‘वगैरे’मागची माणसे

महाड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाची आई काही वर्षांपूर्वी मला भेटायला आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुस्तक तिने पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, ‘‘फादर, हे वाचल्यापासून पोरगा कुणाला चांगलं म्हणत नाही. खोलीवरच्या मुलांना नावं ठेवतो, साहेबांना नावं ठेवतो, सुट्टीत घरी आला की आम्हालाही सोडत नाही. तुम्ही एकदा वाचून बघा आणि त्याला चार शब्द सांगा.’’ पुस्तक भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी होती. ती मी सेमिनरीत असताना वाचली होती आणि त्या वयात माझीही जीभ तशीच सुटली होती, हे त्या माउलीला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे पोलादपूरला एका लग्नाच्या निमित्ताने जाणे झाले. परतताना बिरवाडीला त्या मुलाच्या खोलीवर थांबलो. चौघांत एक खोली. एक बिहारचा, एक लातूरकडचा, एक खेडचा आणि चौथा आमच्या धर्मग्रामातला हा रसायनशास्त्राचा पदवीधर. चौघांच्या पाळ्या निरनिराळ्या, त्यामुळे सगळे एका वेळी घरी असण्याचा योग क्वचितच. स्टोव्हवर चहा ठेवता ठेवता याने सोबत्यांची झडती सुरू केली. बिहारी ओव्हरटाइमसाठी जीव टाकतो. लातूरकर रोज रात्री फोनवर बायकोशी भांडतो आणि मग भिंतीकडे तोंड करून निजतो. खेडवाला आठवड्याला गावी पळतो आणि येताना मूठभर आमसुले आणून सगळ्यांवर उपकार करतो. ‘‘सगळे असेच, फादर,’’ तो म्हणाला. पण बोलण्याच्या ओघात मला हेही कळले, की बिहाऱ्याला बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडायचे आहे, लातूरकराच्या मुलाला दम्याचा त्रास आहे आणि खेडवाल्याची आई घरी एकटी आहे. ज्यांना तुच्छ लेखायचे, त्यांच्याविषयी एवढी माहिती कशाला ठेवावी? हा प्रश्न मनात घेऊन मी घरी आलो आणि ‘कोसला’ पुन्हा वाचायला घेतली.

‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही पंचवीस वर्षांचाच आहे. खानदेशातल्या एका गावातून हा शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, नाना उद्योगांत पडतो, घरचे पैसे उधळतो, परीक्षेत घसरतो आणि शेवटी गावी परततो. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच. वि. स. खांडेकरांच्या ध्येयवादी नायकांवर वाढलेल्या वाचकाला हा नायक मानवणे कठीणच होते. त्याला जग सुधारायचे नाही. कुणावर प्रेम करून त्याग करायचा नाही. आजूबाजूच्या मुलांकडे, प्राध्यापकांकडे, संमेलनांकडे आणि स्वतःकडेही तो तिरक्या नजरेने पाहतो आणि जे दिसेल ते बोलीभाषेत सांगून टाकतो.

अशा माणसाला आपण ‘सिनिक’ म्हणतो. मराठीत त्याला तुसडा म्हणावे, कुत्सित म्हणावे की सर्वतुच्छतावादी, यावर एकमत होणार नाही. मूळ ग्रीक शब्द कुत्र्यावरून आला. या पंथातला प्रसिद्ध पुरुष डायोजिनिस भर दिवसा कंदील पेटवून अथेन्सच्या रस्त्यांतून हिंडे आणि ‘माणूस शोधतो आहे’ म्हणून सांगे, अशी आख्यायिका आहे. या गोष्टीचा अर्थ बहुधा असा लावला जातो, की त्याला गर्दीत एकही खरा माणूस दिसत नव्हता. मला मात्र त्या कंदिलाचे नवल वाटते. ज्याची आशा पुरती संपली आहे, तो तेल कशाला जाळील?

पांडुरंगाच्या हातातही असा कंदील आहे. वसतिगृहात आल्यावर तो आरंभापासून तुसडा नाही, हे वाचकाने नीट पाहावे. सुरुवातीला त्याला चारचौघांत मिसळायचे आहे, नाव मिळवायचे आहे. तो पुढे होऊन जबाबदाऱ्या अंगावर घेतो, संमेलनात रमतो, मेसच्या कारभारात शिरतो. हात सैल सोडतो आणि त्याची झळ त्यालाच बसते. त्याच्या उपहासाचा जन्म या ठेचेतून झाला आहे. आधी त्याने सोबत्यांवर विश्वास टाकला होता. वर्गातल्या हुशार मुलाने सर्वांना मूर्ख समजावे, तो तुच्छतावाद वेगळा. दिलेले परत न आल्याने कडवट झालेल्या माणसाचा तुच्छतावाद वेगळा. पहिल्यात अहंकार असतो. दुसऱ्यात अहंकार असतोच, पण त्याच्या तळाशी एक न फिटलेले येणे असते.

या कडवटपणाची खूण नेमाड्यांनी दोन साध्या शब्दांत ठेवली आहे: ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. ‘कोसला’ वाचलेल्या पिढीच्या तोंडी हे शब्द बसले आणि अनेकांनी ते निव्वळ लकब म्हणून उचलले. कादंबरीत त्यांना काम आहे. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की समोरचा जिवंत माणूस एखाद्या नियमाचा नमुना होतो. ‘वगैरे’ म्हटले की उरलेले सगळे एका ओळीत संपते. त्यांचे वेगळे नाव घ्यायला नको, दुःख ऐकायला नको. सोबत्यांपासून अंतर राखण्यासाठी याहून स्वस्त कुंपण मिळणार नाही. बिरवाडीच्या खोलीत ऐकलेले ‘सगळे असेच’ हे त्याच जातीचे वाक्य होते.

पण हे कुंपण टिकत नाही आणि ‘कोसला’चे मोठेपण येथे आहे. ज्यांना पांडुरंग ‘वगैरे’मध्ये ढकलतो, ती माणसे पाने उलटली तरी जात नाहीत. कोण कसे बोलतो, कोण कुठल्या गोष्टीवर हसतो, कोण पैशाच्या बाबतीत कसा वागतो, हे सारे त्याने टिपून ठेवले आहे. कादंबरीचा एक भाग तर रोजनिशीच्या रूपात येतो. ज्याला कशातच अर्थ वाटत नाही, तो दिवसांची नोंद का ठेवतो? सुरेश बापटसारखा एखादा मित्र असा आहे, की त्याच्यासोबत केलेल्या भटकंतीविषयी सांगताना पांडुरंगाच्या आवाजातली धार आपोआप कमी होते. उपहासासाठी जेवढे पाहणे पुरेसे होते, त्याहून फार जास्त त्याने पाहिले आहे. जे जास्त आहे, त्याला मी माया म्हणतो. पांडुरंगाने हा शब्द उच्चारला नसता.

मग मनी जाते. धाकटी बहीण देवीच्या रोगाने दगावते आणि कादंबरीचा सूर पालटतो. येथवर वाचक हसत आलेला असतो. आता त्याला हसल्याची लाज वाटते. तिच्यासाठी ‘उदाहरणार्थ’ चालत नाही, कारण ती कशाचेही उदाहरण नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत गेलेला पांडुरंग बुद्धाच्या करुणेसमोर आपले दुःख घेऊन उभा राहतो, तेव्हा तत्त्वज्ञानाने त्याचे समाधान होत नाही आणि लेखकही ते घाईने करून टाकत नाही. सेमिनरीत आम्हाला दुःखाच्या प्रश्नावर प्रबंध लिहावे लागत. मनीच्या मृत्यूची पाने वाचल्यावर माझा प्रबंध मला फार नीटनेटका वाटू लागला होता. ज्या माणसाला बहिणीचे जाणे असे कापते, तो वसतिगृहातल्या मुलांविषयी खरोखर कोरडा असेल, हे यानंतर कोणत्याही वाचकाला पटणार नाही.

येथे कोकणातल्या वाचकाला आपला अंतू बर्वा आठवल्याशिवाय राहणार नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला हा रत्नागिरीचा म्हातारा देवाधर्मापासून पुढाऱ्यांपर्यंत कुणालाच सोडत नाही. वीज आली, तर तिच्या उजेडात आपले दारिद्र्यच दिसायचे, असा त्याचा हिशेब. पण अंतूला ऐकायला आळी लागते. त्याचा तिरकसपणा ही त्या आळीची सामाईक भाषा आहे; अठराविश्वे दारिद्र्यात एकमेकांना सोसण्याची ती रीत आहे. परदेशी निघालेल्या लेखकाच्या हाती तोच म्हातारा अंगाऱ्याची पुडी ठेवतो, आणि बायको गेल्यापासून दारचा आंबा मोहरला नाही, हे जाता जाता सांगून जातो. अंतूच्या जिभेला सोबती आहेत. पांडुरंग वसतिगृहाच्या गर्दीत राहूनही ज्या भाषेत बोलतो, ती त्याची एकट्याची आहे. गाव सोडून शहरात आलेल्या मुलाचे हे एकटेपण अंतूला ठाऊक नव्हते. आज ते खेड्यातून आणि वाडीतून औद्योगिक वसाहतींत येणाऱ्या मुलांच्या वाट्याला आले आहे. चौघांच्या चार बोली, चार पाळ्या, आणि आळी कुठेच नाही.

अमेरिकन लेखक जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीशी ‘कोसला’ची तुलना पुष्कळदा झाली आहे. तिथला होल्डनही शाळेतल्या सोबत्यांना ढोंगी म्हणतो; त्याच्या मनातही मेलेल्या धाकट्या भावाचे दुःख आहे आणि जिवंत धाकट्या बहिणीवरचे प्रेम आहे. अखेरीस तो कबूल करतो, की ज्यांच्याविषयी एवढे सांगितले, त्यांचीच आता आठवण येते. पांडुरंग इतकी उघड कबुली देत नाही. तो गावी परततो, तिथल्या माणसांत बसतो, आणि आपण या सर्वांहून कुणी वेगळे नाही, हे त्याला उमगत जाते. होल्डनला सोबत्यांची आठवण येते. पांडुरंग सोबत्यांपैकी एक होतो. मला दुसरी वाट अधिक कठीण वाटते आणि अधिक मराठीही वाटते.

एवढे मान्य करूनही या कादंबरीविषयी माझी एक तक्रार आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलण्याचा अधिकार पांडुरंगाच्या हाती राहतो. सोबत्यांची नक्कल आपण ऐकतो. त्यांची बाजू ऐकत नाही. ज्यांनी त्याला फसवले, त्यांच्याही घरून मनिऑर्डर वेळेवर येत नसेल. ज्यांच्या बोलण्याला तो हसला, ते रात्री काय विचार करीत पडले असतील? प्रथमपुरुषी निवेदनाची ही मर्यादा आहे, असे समीक्षक म्हणतील. ते खरे आहे. पण कोवळा वाचक ती मर्यादा ओळखत नाही. तो पांडुरंगाची नजर घेतो, तिच्यामागची जखम घेत नाही. मनीची पाने त्याला रडवतात आणि दुसऱ्या दिवशी तो ‘वगैरे’ म्हणायला मोकळा होतो.

हे मी स्वतःवरून सांगतो. सेमिनरीत माझ्या शेजारच्या खाटेवर एक अबोल मुलगा होता. तो जेवताना फार सावकाश जेवायचा आणि प्रार्थनेच्या वेळी डोळे घट्ट मिटायचा. ‘कोसला’ नुकतीच वाचलेली. मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवीत असे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो सेमिनरी सोडून गेला. का गेला, हे आम्ही कुणी विचारले नाही. आज त्याची जेवण्याची ढब मी जशीच्या तशी करून दाखवू शकेन, पण त्याचे गाव मला आठवत नाही. ते कधी विचारलेच नव्हते. माझ्या पाहण्यात आणि पांडुरंगाच्या पाहण्यात हा फरक होता: त्याने उपहास करता करता माणसे साठवली, मी फक्त उपहास साठवला.

म्हणून मुलांच्या हातून हे पुस्तक काढून घ्यावे, असे मी पालकांना सांगणार नाही. घरच्यांना नावे ठेवणारा मुलगा बहुधा घरच्यांकडेच बघत असतो. पुस्तक त्याच्या हाती राहू द्यावे. मात्र ते वाचून झाल्यावर त्याच्याशी बोलणारे कुणी असावे. ‘सगळे असेच’ म्हणणाऱ्याला उपदेशाने गप्प करण्यापेक्षा, ‘असेच म्हणजे कसे?’ असे विचारावे आणि तो जे सांगेल ते ऐकत बसावे. सांगता सांगता बहिणीचे कर्ज, मुलाचा दमा आणि एकटी आई आपोआप बाहेर येतात.

नाताळच्या सुट्टीत तो मुलगा पुस्तक परत न्यायला आला. मी ठरवून ठेवलेले चार शब्द सांगण्यापूर्वी त्यानेच विचारले, ‘‘फादर, पांडुरंगाने सगळ्यांबद्दल लिहिलं. त्या पोरांनी लिहिलं असतं, तर पांडुरंगाबद्दल काय लिहिलं असतं?’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याला म्हटले, ‘‘बिरवाडीला गेल्यावर विचारून बघ.’’ तो हसला. आईने बांधून दिलेल्या नाताळच्या फराळाची पिशवी त्याने उचलली. तिच्यात निरनिराळ्या कागदांत बांधलेल्या चार पुड्या होत्या. पुस्तक त्याने त्यांच्यावर ठेवले.