स्पर्शिकेचा नेम

न्यूटनने १६६९मध्ये लिहिलेल्या एका लॅटिन टिपणात य³ − २य − ५ = ० हे समीकरण सोडवून दाखवलं आहे. त्यात आलेख नाही, सगळी करामत आकड्यांची. मूळ २ च्या आसपास दिसतं, म्हणून य = २ + प मांडायचं. मिळतं प³ + ६प² + १०प − १ = ०. प लहान, त्याचे वर्ग-घन त्याहून लहान; ते सोडले की उरतं १०प = १. प झाला ०.१.

आता हाच वक्र फळ्यावर काढा. २ पाशी तो अक्षाच्या १ ने खाली आहे आणि तिथल्या स्पर्शिकेचा चढ आहे १०. न्यूटनने ठेवलेला १०प ही ती स्पर्शिका. टाकलेले वर्ग-घन हा वक्राचा बाक! पानावरची काटछाट इथे डोळ्यांना दिसते. मला या उदाहरणातली सर्वांत देखणी जागा हीच वाटते.

स्पर्शिका अक्षाला २.१ वर छेदते. वक्र तिच्यापासून वर वळलेला, म्हणून तिथे तो अक्षाच्या वर ०.०६१ इतका निघतो. नेम किंचित पुढे गेला. नवा चढ ११.२३. ०.०६१ ला त्याने भागून मागे सरकलं की २.०९४५७. खरं मूळ २.०९४५५१४८…, दोन पावलांत चार दशांश स्थळं हाती! २ आणि ३ मधलं अंतर निम्मं-निम्मं करत गेलं, तर एकेका स्थळासाठी तीन-चार पावलं पडतात. ती रीत भरवशाची खरी, पण वक्राचा चढ ती विचारतच नाही.

न्यूटन प्रत्येक पावलाला नवं समीकरण मांडत होता. मूळ समीकरणच पुन्हा पुन्हा वापरण्याची सुटसुटीत रीत जोसेफ रॅफसनने १६९०मध्ये छापली.

शिकवणाऱ्याने मात्र इथे थांबू नये. सुरुवात ० पासून करायला सांगावी. स्पर्शिका थेट −२.५ वर फेकते, तिथून −१.५७, मग −०.५०, आणि पुन्हा उडी −३.८२ वर. नुसत्या आकड्यांत हा गोंधळ वाटतो. आलेखात कारण स्पष्ट आहे: डावीकडे वक्राला एक टेकडी आहे, तिचा माथा अक्षाच्या ३.९ ने खालीच राहतो. चढणीवरची प्रत्येक स्पर्शिका वर अक्ष दाखवते, वक्र मात्र तिथवर पोचण्याआधीच खाली वळतो.