पाव आणि भाकर

'पाव' हा दोन अक्षरांचा शब्द जालन्यात दिवसभर किती रूपांनी कानी पडतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मोंढ्यात तो वजन होतो, बेकरीत खाद्य होतो, नवस बोलणाऱ्याच्या मुखी विनवणी होतो आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी किंचित नाकात उच्चारला जाऊन 'पाँव', म्हणजे पाऊल होतो. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या शहराचे कौतुकही 'जालना, सोने का पालना' अशा बोलीत होते. तेव्हा एका ध्वनीत इतके अर्थ नांदावेत, यात आश्चर्य नाही. पाहण्यासारखे आहेत ते त्यांचे वंश.

वजनाचा पाव आणि चालण्याचा पाँव हे सख्खे भाऊ. दोघांचे मूळ संस्कृत 'पाद'. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, असा हा हिशेब. 'सवा' म्हणजे सपाद, 'पाऊण' म्हणजे पादोन. जुन्या शाळांतून पावकी, पाऊणकी घोकणारी मुले नकळत पायच मोजत होती. विनवणीचा 'पाव' मात्र निराळ्या कुळातला. तो 'प्राप्' धातूपासून आलेल्या 'पावणे' या क्रियापदाचा. देव भक्ताला पावतो आणि भक्त कृपा पावतो. देणारा व घेणारा दोघांनाही हे एकच क्रियापद पुरते. दुकानदाराची पावतीही त्याचीच.

खाण्याचा पाव या दोन्ही घराण्यांचा नाही. लॅटिन 'पानिस' पोर्तुगीजांच्या मुखी 'पांव' झाला आणि सोळाव्या शतकात त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर रुजला. बंगालीने त्याला रोटी जोडून 'पाउरुटी' केले. जपानी लोक त्यालाच 'पान' म्हणतात. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, किंवा लादीचा चतकोर म्हणून पाव, ही स्पष्टीकरणे ध्वनिसाम्यावरून मागाहून रचलेली आहेत.

या शब्दाने ख्रिस्ती समाजाला टोचलेही आहे. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटवल्याच्या आख्यायिका कोकणपट्टीत सांगितल्या गेल्या. मुंबईत गोवेकरांना 'माकापाव' म्हणून हिणवले गेले. श्रद्धेची किंमत पावाच्या तुकड्याएवढी ठरवणारी ही भाषा होती.

या पार्श्वभूमीवर मराठी बायबलच्या अनुवादकांची शब्दनिवड मोलाची वाटते. लॅटिन बायबलातील 'पानिस' आणि बेकरीतील 'पाव' हे रक्ताचे नातलग असूनही, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आणि योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात मराठी वाचकाला 'भाकर' भेटते. वस्तू म्हणून पाहता ही निवड अचूक नाही, असा आक्षेप घेता येईल. त्या अध्यायात पाच हजारांना वाढलेले अन्न जवाचे होते. वेदीवरची ओस्ती केवळ गव्हाची आणि बिनखमिराची असते. आपल्याकडची भाकर ज्वारीची किंवा बाजरीची. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. ज्यावाचून दिवस ढळत नाही असे अन्न, हा त्या शब्दाचा गाभा, आणि बदनापूर-भोकरदनच्या शेतकरी घरात तो 'भाकर' याच शब्दाने पोहोचतो. पाव तिथे विकत आणायची वस्तू आहे. भाकर घरच्या तव्यावरची आहे. अनुवादकांनी शब्दाचे कूळ न पाहता वाचकाचे ताट पाहिले.

असाच प्रसंग मूळ भूमीतही घडला आहे. हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकर. अरबीत त्याच धातूचा 'लह्म' म्हणजे मांस. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या 'बेथेल'मधील 'बेथ' म्हणजे घर. त्या हिशेबाने बेथलेहेम हिब्रूत 'भाकरीचे घर' आणि अरबीत 'मांसाचे घर' ठरते. एका मूळ शब्दाला दोन समाजांनी आपापल्या मुख्य अन्नाचा अर्थ दिला, असे अभ्यासक मानतात.

योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू भाकरीला आपला देह म्हणतो. त्यामुळे लेहेम-लह्म या जोडीत ख्रिस्तप्रसादाचे रहस्य सापडल्याचा मोह प्रवचनकाराला होणे स्वाभाविक आहे. 'जो पावतो तो पाव' अशी कोटी करण्याचा मोह आपल्या भक्तिगीतकारालाही होईल. दोन्ही ठिकाणी संयम हवा. शब्दांची गाठ पडणे आनंददायक असते, पण तो पुरावा नव्हे. ते रहस्य प्रभूच्या वचनावर उभे आहे; व्याकरणाच्या टेकूची त्याला गरज नाही. आणि कोटीवर उभे राहिलेले गीत, कोटी ओळखीची झाली की, रिकामे वाटू लागते.

आपल्या प्रार्थना आणि गीते नव्याने मराठीत आणणाऱ्यांनी प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारावेत: तू कुठून आलास, आणि या घरात तुला कोण ओळखते? पहिल्याचे उत्तर विद्वत्तेला उपयोगी पडेल. शब्द ठेवायचा की बदलायचा, हे मात्र दुसऱ्याच्या उत्तरावरून ठरावे.