संकेतभाषा : एक गुणदोषविचार

साहित्याला वाहिलेल्या मासिकात पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरील बोलण्याचा विचार करावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. कथा, काव्य, नाटक सोडून आम्ही भलत्याच वाटेला लागलो, असा आक्षेपही येणे शक्य आहे. परंतु जिथे शब्द आहे आणि शब्दाचा परिणाम आहे, तिथे समीक्षेला मज्जाव नसावा, असे आमचे मत आहे. काव्यातला शब्द चुकला तर रसभंग होतो. बिनतारी यंत्रावरचा शब्द चुकला तर माणूस दगावतो. जिची कसोटी इतकी कठोर, त्या भाषेचे गुणदोष साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी पाहावेत.

'संकेत' हा शब्द आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. अमुक पदावरून अमुक अर्थ समजावा, हा जो ठराव, त्यालाच नैयायिकांनी संकेत म्हटले. जुन्यांनी तो ईश्वराच्या इच्छेवर सोपवला, नव्यांनी केवळ इच्छेवर. बिनतारी यंत्रावरील संकेत उघडच दुसऱ्या जातीचे. ते माणसाने केलेले आहेत, आणि कोणी, केव्हा, का केले हे बहुधा सांगता येते. भाषेचा जन्म असा डोळ्यांसमोर झालेला पाहण्याची संधी समीक्षकाला क्वचितच मिळते.

या भाषेतली सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे अमेरिकेतील पोलिसांचे 'टेन-कोड'. इलिनॉय राज्याच्या पोलिस दलातील दळणवळण-अधिकारी चार्ल्स हॉपर यांनी १९३७ ते १९४० च्या दरम्यान ती सिद्ध केली. त्या काळी एकाच ध्वनिमार्गावर अनेक गाड्यांना बोलावे लागे. एक बोलू लागला की बाकीच्यांना थांबणे भाग. तेव्हा नेहमीच्या वाक्यांना अंक द्यावेत, म्हणजे वेळ वाचेल, ही मूळ कल्पना. पण प्रत्येक अंकाआधी 'टेन', म्हणजे 'दहा', का? त्या वेळच्या यंत्राचे कळसूत्र असे होते की, बोलण्याचे बटण दाबल्यावर वीज पुरवणाऱ्या फिरत्या यंत्राला पूर्ण वेग येण्यास क्षणाचा काही अंश लागे. तेवढ्यात उच्चारलेले पहिले अक्षर हवेत विरून जाई. बटण दाबून किंचित थांबा, असे शिपायांना शिकवले जाई. पण घाईच्या वेळी थांबण्याची आठवण कोणाला राहणार? म्हणून हॉपर यांनी आरंभी एक असा शब्द ठेवला, जो हरवला तरी नुकसान नाही. 'दहा' विरले तरी पुढचे 'चार' पोहोचते, आणि 'दहा-चार' म्हणजे 'निरोप समजला'.

संस्कृत वृत्तांतील च, वै, तु, हि ही पादपूरक अव्यये ज्यांनी पाठशाळेत घोकली आहेत, त्यांना या 'दहा'चे मर्म चटकन कळेल. त्याला अर्थ नाही, पण त्याच्यावाचून अर्थ उभा राहत नाही. निरर्थक शब्दाची इतकी सार्थ योजना आम्ही फारशी पाहिलेली नाही, आणि याबद्दल रचनाकाराला पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

अशा भाषेची महत्त्वाकांक्षा शुद्ध अभिधेची असते. लक्षणेला थारा नाही, व्यंजना तर वर्ज्यच. एका अंकाला एकच अर्थ. परंतु माणसाच्या तोंडी गेलेला शब्द कोरडा राहत नाही. १९५५ ते १९५९ या काळात 'हायवे पेट्रोल' या दूरचित्रवाणी मालिकेने 'दहा-चार' घरोघर नेले. पुढे १९७० च्या दशकात मालमोटारींच्या चालकांनी ते आपलेसे केले. आता त्यात ऐट आली, बंधुभाव आला. ते बोलणारा 'आपल्यातला' ठरू लागला. इथेच व्यंजना शिरली. 'रॉजर' या शब्दाचीही गोष्ट अशीच. जुन्या वर्णमालेत 'आर' या अक्षरासाठी 'रॉजर' म्हणत, आणि ते 'मिळाले' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर म्हणून वापरात होते. १९५६ मध्ये नवी आंतरराष्ट्रीय वर्णमाला रूढ झाली, 'आर'साठी 'रोमिओ' आला. तरी 'रॉजर' आपल्या जागेवरून हलला नाही. चित्रपटांनी तर कहरच केला. 'ओव्हर' म्हणजे माझे बोलणे झाले, तुमच्या उत्तराची वाट पाहतो. 'आउट' म्हणजे संभाषण संपले, उत्तर नको. ही दोन्ही एका दमात म्हणणारा नायक वदतोव्याघात करतो, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही.

येथवरचे दोष गमतीचे. खरा दोष निराळा आहे. प्रत्येक दलाने आपापल्या सोयीने अंकांचे अर्थ बदलले. न्यूयॉर्कच्या पोलिसांत 'दहा-तेरा' म्हणजे आपला सहकारी संकटात आहे, धावून या. दुसऱ्या एका प्रचलित यादीत त्याच 'दहा-तेरा'चा अर्थ हवामान व रस्ता कसा आहे ते कळवा. एकाचा आक्रोश दुसऱ्याला पावसापाण्याची चौकशी वाटावी, याहून भयंकर श्लेष कोणत्या कवीने केला असेल? ज्याचे त्याचे दल आपल्या हद्दीत असते तोवर हे खपून जाते. पण मोठी आपत्ती हद्द ओळखत नाही. २००१ च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये मनोरे जळत असता पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तरेकडील मनोऱ्याविषयी दिलेले धोक्याचे इशारे अग्निशमन दलाच्या यंत्रांवर ऐकू येत नव्हते. हा दोष अंकांचा नव्हता, दोन दलांची यंत्रे व ध्वनिमार्ग वेगळे असल्याचा होता. परंतु परस्परांशी बोलता न येणे म्हणजे काय, ते त्या दिवशी जगाने पाहिले. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर अनेक राज्यांची पथके एकत्र आली, तेव्हा एकाच्या यादीतला अंक दुसऱ्याला कळेल याची शाश्वती नव्हती. अखेर २००६ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने, अनेक दले एकत्र काम करतील अशा प्रसंगी साध्या भाषेतच बोलावे, असा दंडक घातला.

याच्या शेजारी दुसरी एक रचना ठेवून पाहावी. १९२३ च्या सुमारास लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांना संकटसूचक शब्द सुचवण्यास सांगण्यात आले. 'एसओएस' ही खूण तारेच्या कडकट्टाला उत्तम. पण बोलताना 'एस'चा उच्चार यंत्रावर नीट उमटत नसे. क्रॉयडनची बरीचशी ये-जा पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळाशी होती. मॉकफर्ड यांनी 'मला साहाय्य करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चाराशी जुळणारा 'मेडे' हा शब्द सुचवला, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन येथील परिषदेने तो मान्य केला. १९५६ च्या वर्णमालेतही हीच दृष्टी आहे. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश अशा निरनिराळ्या भाषकांच्या कानांवर शब्द पारखून घेतले गेले. 'अल्फा' इंग्रजी वळणाने न लिहिता 'एफ'ने लिहिला, 'ज्युलिएट'च्या शेवटी 'टी' दुप्पट केला. का, तर एरवी परभाषक त्यांचे उच्चार बिघडवील. 'इंडिया'लाही तिथे मानाचे स्थान मिळाले आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

दोन्ही रचनांतला भेद येथे स्पष्ट होतो. हॉपर यांनी आपल्या यंत्राची उणीव ओळखली. मॉकफर्ड यांनी ऐकणाऱ्याची भाषा ओळखली. पहिली रचना चातुर्याने श्रेष्ठ असेल. दुसरीत मात्र प्रसादगुण आहे. तो अलंकारिक अर्थाने नव्हे, ऐकताक्षणी परक्यालाही कळावे या अक्षरशः अर्थाने.

हे लिहिताना आम्ही अमेरिकेला दूषणे देत बसलो आहोत, असे कोणी समजू नये. आम्ही स्वतः संकेतांतच वाढलो. वडिलांची पत्रे 'सा. न. वि. वि.'ने सुरू होणाऱ्या आणि 'ता. क.'ने संपणाऱ्या परंपरेतली. कचेरीत 'पी. यू. सी.' म्हणजे विचाराधीन कागद आणि 'डी. एफ. ए.' म्हणजे मंजुरीसाठीचा मसुदा, हे आम्हांस झोपेतही कळते. मराठी मुलखाबाहेर वाढलेल्या आमच्या मुलाने परवा आजोबांचे जुने पत्र हाती घेऊन 'हे सानविवि कोण?' असे विचारले, तेव्हा आम्ही हसलो खरे. पण मनात चरकलो.

चरकण्याचे कारण थोडे अलीकडचे आहे. आमच्या सरकारी वसाहतीत शेजारी निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ मुलाकडे राहतात. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. मुलगा दौऱ्यावर असताना एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. २०१८ च्या अखेरीपासून देशात टप्प्याटप्प्याने लागू झालेला ११२ हा क्रमांक आम्ही फिरवला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे पत्ता विचारला. आम्ही रोजच्या सवयीने क्वार्टरचा प्रकार, ब्लॉकचे अक्षर, फेजचा आकडा आणि देखभाल-कचेरीचे तीन आद्याक्षरी नाव सांगून मोकळे झालो. वसाहतीतल्या प्रत्येकाला कळणारा तो पत्ता बाहेरच्या एकालाही कळणारा नव्हता. त्या पुन्हा पुन्हा विचारीत, आणि आम्ही तीच अक्षरे अधिक मोठ्याने सांगत होतो. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी फोन हातातून घेतला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले : मोठी पाण्याची टाकी, तिच्या समोर पिंपळ, पिंपळाच्या मागचा जिना, दुसरा मजला. गाडी आली. काका वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आले नसते.

त्या रात्री दोष पलीकडच्या बाईंचा नव्हता, आमचा होता. आम्ही आमचा 'दहा-तेरा' ओरडत होतो.

संकेत मुळीच नसावेत, असे आमचे म्हणणे नाही. आरोपीसमोर उभा असलेला शिपाई सगळे उघड बोलू शकत नाही. पीडिताची अब्रू चारचौघांत जाऊ नये म्हणूनही झाकून बोलावे लागते. रोजच्या कामाचा वेगही संकेतांनीच साधतो. आमचा आक्षेप एवढाच की, संकेत करताना आपल्यातल्या माणसाचा विचार होतो, आणि संकटात ऐकणारा बहुधा तिऱ्हाईत असतो. म्हणून संकेताची परीक्षा जाणकारापुढे न घेता तिऱ्हाइतापुढे घ्यावी. ही कसोटी आम्हां टीकालेखकांनाही लावावी. 'अनुभवविश्व', 'घाट', 'रसोत्कर्ष' हे आमचे अंक आम्ही एकमेकांत फेकीत असतो. त्यांतले किती त्या पत्र वाचणाऱ्या मुलापर्यंत पोहोचतात, याचा हिशेब आम्ही कधी केलेला नाही.

असो. हल्ली आमच्या आणि काकांच्याही दूरध्वनीशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पत्ता मराठीत, हिंदीत आणि इथल्या स्थानिक भाषेत लिहिला आहे. टाकी, पिंपळ, जिना, मजला. मसुदा सौभाग्यवतींचा आहे. आम्ही त्यात एकही दुरुस्ती केलेली नाही.