शेवटच्या रांगेची कसोटी

लावणीत अदा दिसावी लागते आणि चाळांचा नाद कानी यावा लागतो. १९९३ पासून लावणी स्पर्धेमुळे महाराष्ट्रभर नाव झालेल्या अकलूजकरांना हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा २०२१ मध्ये स्थापन झालेली येथील नगरपरिषद उद्या नाट्यगृह उभारावयाचे म्हणेल, तर तिने आधी कोल्हापूरकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी उभारले. १९१५ साली खुल्या झालेल्या या वास्तूचे मूळ नाव पॅलेस थिएटर. शेजारीच त्यांचे खासबाग कुस्ती मैदान. एकात पैलवान, दुसऱ्यात गायक नट. परंतु दोहोंमागे दृष्टी एकच आहे. मैदानात उतरती बैठक, तर नाट्यगृहात नजरेआड येणारा खांब नाही. मागे बसलेल्या सामान्य माणसालाही पुढचे दिसले पाहिजे, हा विचार येथे दगडामातीत उतरला आहे. आमच्या मते या वास्तूचे खरे सौंदर्य तेच.

संगीत नाटकांच्या त्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. नटाचा गळा आणि वास्तूची रचना यांवरच सारी भिस्त होती. पुढे येथे चित्रपट दाखविले गेले. ‘ललितकलादर्श’चे संस्थापक केशवराव यांचे नाव वास्तूस १९५७ मध्ये मिळाले. महापालिकेच्या काळात नाट्यस्पर्धा, वाद्यवृंद, सभा, सत्कारसमारंभ असे सर्व काही तेथे होऊ लागले. वापर बदलला याबद्दल आमची तक्रार नाही. बंद राहिलेल्या वास्तूपेक्षा गजबजलेली बरी. मात्र रंगमंचाचे व्यासपीठ झाले की प्रेक्षकाचा श्रोता होतो आणि पुढच्या रांगेतील पाहुण्यांनाच महत्त्व येते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत रंगमंच, छत व आसने भस्मसात झाली. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. ते अश्रू केवळ लाकडासाठी नव्हते. आपली म्हणून असलेली एक जागा गेली होती.

अशा वास्तूची पुनर्बांधणी मूळ रूपाबरहुकूम व्हावी, असे सारेच म्हणतात. पण रूप म्हणजे केवळ दर्शनी भिंत आणि कमानी नव्हेत. नव्या सभागृहात आम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसू. ध्वनिक्षेपकाविना नटाचा शब्द तेथवर पोहोचला, तर शाहू महाराजांचे नाट्यगृह परत आले असे म्हणू. अकलूजनेही हीच कसोटी लावावी.