कौल आणि कान

गाण्याची स्पर्धा ही मुळातच एक चमत्कारिक गोष्ट आहे. धावण्याच्या शर्यतीत जो आधी पोहोचला तो पहिला; तिथे परीक्षकाने डोळे उघडे ठेवले म्हणजे भागते. कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. त्यावर वाद घालणाऱ्याला फडातले लोकच गप्प बसवतात. गाण्याचे तसे नाही. एकाचा सूर निर्मळ असतो, पण त्यात जीव नसतो. दुसऱ्याचा आवाज घोगरा असतो आणि तरीही तो कानी पडला की हातातले काम थांबते. या दोघांत पहिला कोण, हे मोजायची फूटपट्टी अजून कुणी बनवलेली नाही. तरीसुद्धा माणसे गाण्याच्या स्पर्धा भरवतात, ऐकतात आणि निकालावरून घरोघर भांडतात.

या भांडणाचा आपल्या देशातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे, माझ्या मते, २००७ सालचे ‘इंडियन आयडॉल’चे तिसरे पर्व. पुष्कळांना पहिले पर्व अधिक आठवते आणि ते स्वाभाविक आहे. ५ मार्च २००५ रोजी अभिजित सावंत विजयी झाला तेव्हा महाराष्ट्राला जो आनंद झाला, तो केवळ एक चांगला गळा निवडला गेला म्हणून नव्हे. ‘आपला मुलगा’ जिंकला म्हणून झाला. नागपूरला जन्मलेला राहुल वैद्यही शेवटच्या तिघांत होता, तेव्हा आपली मान अधिकच ताठ झाली. हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण दोन वर्षांनी दुसऱ्या मुलखातल्या माणसांनी तोच आनंद साजरा केला तेव्हा नाके मुरडणारे आपल्याकडेही कमी नव्हते.

तिसरे पर्व मे महिन्यात सुरू झाले आणि २३ सप्टेंबरला, ऐन गणेशोत्सवात, संपले. अनु मलिक, जावेद अख्तर, उदित नारायण आणि अलिशा चिनाय असे चौघे परीक्षक होते. देशभरातून आलेली मुले एकेक करून गळत गेली आणि शेवटी उरली तिघे: दार्जिलिंगचा प्रशांत तामांग, शिलाँगचा अमित पॉल आणि कोलकात्याचा इमॉन चॅटर्जी. त्यांच्या आधी बाहेर पडलेल्यांत धनबादचा मियांग चँग होता. वंशाने चिनी, व्यवसायाने दंतवैद्य आणि गाणे अस्सल हिंदी चित्रपटाचे! शेवटच्या तिघांत मुंबईचा कुणी नाही, दिल्लीचा कुणी नाही. हिंदी चित्रपटाचे गाणे तयार होते ते आपल्या मुंबईत. पण त्याची मुळे कुठवर जाऊन पोहोचली आहेत, हे त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात प्रथमच एवढ्या ठळकपणे दिसले. ज्यांच्या चेहऱ्याचा नायक हिंदी पडद्याने क्वचितच दाखवला, त्या मुलुखांनी त्याच पडद्याची गाणी आपल्या घरची म्हणून जपून ठेवली होती.

प्रशांत हा कोलकाता पोलिसातला शिपाई. वडीलही पोलिसात होते. ते अपघातात गेले तेव्हा शाळा सोडून त्याने त्यांच्या जागी नोकरी धरली आणि पोलिसांच्या वाद्यवृंदात तो गाऊ लागला. असा नायक मी माझ्या कादंबरीत घातला असता, तर ‘हे जरा जास्तच जुळवून आणलेले वाटते’ असा शेरा मारून संपादकांनी बाड परत केले असते. आयुष्याला मात्र संपादक नसतो.

आता गाण्याविषयी, कारण या पर्वाची चर्चा झाली तेव्हा नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी बोलली गेली. संगीतशास्त्राचा अभ्यास माझ्या गाठी नाही. ऐकणाऱ्याचे दोन कान तेवढे आहेत. त्या कानांना अमित पॉलचा गळा अधिक तयार वाटला. तो वरच्या सुरांत सहज चढत असे, शब्दाचे वजन ओळखून त्यावर थांबत असे आणि एका प्रकृतीच्या गाण्यातून दुसऱ्या प्रकृतीच्या गाण्यात जाताना अडखळत नसे. प्रशांतचा आवाज मऊ, मधल्या सुरांत रमणारा. वर चढताना त्याची दमछाक कानाला जाणवे आणि हिंदी शब्दांना डोंगराकडचे वळण लागे. पण त्याच्यात एक गुण होता, आणि स्पर्धेच्या मंचावर तो फार दुर्मिळ आहे. तो गाण्याशी झटापट करत नसे. इतर मुले प्रत्येक ओळीला हरकतींचे फटाके बांधून उडवीत असताना हा मुलगा चाल जशी आहे तशी, खालमानेने, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळून नेतो आहे अशा बेताने गाई. असे गाणे थोर नव्हे. पण खोटेही नव्हे. माझ्या वहीत गुण मांडायचे झाले तर मी अमितला पहिला क्रमांक दिला असता, आजही देईन. आणि एवढे म्हणूनसुद्धा प्रशांतच्या विजयाला ‘अन्याय’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. का वळत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम निकालाची रीत पाहू. अंतिम टप्प्यात परीक्षकांनी फक्त बोलायचे आणि प्रेक्षकांनी मोबाइलवरून मत द्यायचे, असा तो खेळ. एका माणसाने एकच मत द्यावे असे बंधन नाही. जितके संदेश पाठवाल तितकी मते, आणि प्रत्येक संदेशाला नेहमीपेक्षा अधिक पैसे. अंतिम फेरीत सात कोटींच्या आसपास मते पडल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले. सात कोटी मते म्हणजे सात कोटी माणसे नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मी शाळामास्तर असल्यामुळे मला ही रीत अशी दिसते: निबंधाच्या वह्या मी तपासायच्या, प्रत्येक वहीवर लाल शाईने शेरा लिहायचा आणि गुण मात्र मुलांच्या नातेवाइकांनी द्यायचे, ज्याचे कुटुंब मोठे त्याला अधिक आणि ज्याच्या काकांची पिशवी जड त्याला त्याहून अधिक! अशा शाळेत मास्तरांचे काय होईल? शेरा कुणी वाचत नाही म्हटल्यावर ते तो मोठमोठ्याने ओरडून सांगू लागतील, विनोद करतील, डोळे पुसतील, एकमेकांशी भांडतील. दूरचित्रवाणीवरच्या परीक्षकांचे पुढे पुढे नेमके हेच होत गेले. दोष त्यांच्या स्वभावाचा नाही. ज्याच्या हातून निकाल काढून घेतला, त्याच्या हाती अभिनयच तेवढा उरतो.

पूर्वी असे नव्हते. १९५७ साली मेट्रो-मर्फी स्पर्धा झाली, नौशाद, सी. रामचंद्र यांच्यासारखे संगीतकार तिथे परीक्षक होते. त्यांनी महेंद्र कपूरला निवडले आणि निवडून ते घरी गेले नाहीत. नौशादांनी ‘सोहनी महिवाल’मध्ये आणि सी. रामचंद्रांनी ‘नवरंग’मध्ये त्याला गायला लावले. ज्याने गुण द्यायचे, त्यानेच पुढे काम द्यायचे. तेव्हा गुण देताना हात आपोआप जपून चालतो. पण म्हणून तज्ज्ञांच्याच हाती सारे सोपवावे काय? त्याचाही अनुभव आपण घेतलेला आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. लोकांनी चांगले ऐकावे, ही त्यांची तळमळ खरी होती. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मानाचे पान दिले. परंतु चित्रपटगीते दूर सारली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५७ साली विविध भारती सुरू करून त्या रुसलेल्या श्रोत्यांची समजूत घालावी लागली. लोकांना वगळून अभिरुची घडवता येत नाही, हा त्या काळाचा धडा. आणि नुसती मते मोजून ती कळत नाही, हा आपल्या काळाचा.

मग २००७ साली डोंगरातल्या माणसांनी मते दिली ती कशाला? गळ्याला नव्हे, हे उघड आहे. दार्जिलिंगच्या गावोगाव वर्गण्या जमल्या, मते पाठवण्यासाठी माणसे नेमून बसवली गेली. नेपाळी बोलणारा भारतीय म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दारावरचा पहारेकरी उभा राहतो आणि ‘तुम्ही इथलेच का?’ हा प्रश्न त्याला जन्मभर चिकटलेला असतो. वास्तविक नेपाळी ही आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे. १९९२ साली ज्या घटनादुरुस्तीने गोव्याच्या कोकणीला तिथे जागा मिळाली, तिनेच मणिपुरीला आणि नेपाळीलाही मिळाली. पण कायद्याने दिलेली जागा आणि शेजाऱ्याच्या मनातली जागा यांत अंतर असते. ते अंतर एका पोलीस शिपायाचे गाणे कापून जाईल, अशी आशा त्या माणसांना वाटली. तिकडे शिलाँगात त्याहून हृद्य गोष्ट घडली. अमित पॉल हा तिथल्या बंगाली समाजातला. खासी आणि बाहेरून आलेले यांच्यात त्या शहराने १९७९ पासून अनेकदा दंगे पाहिलेले. त्या शहरात खासी आणि बंगाली एकाच मुलासाठी मते मागत फिरले. मुख्यमंत्री डी. डी. लपांग यांनी त्याला शांततेचा आणि जातीय सलोख्याचा राज्याचा दूत म्हणून जाहीर केले. दंग्यांनी फाटलेले गाव काही आठवडे का होईना, एका गाण्याने शिवले गेले. याला संगीताचा पराभव म्हणावे की विजय?

परंतु सुईला दोन टोके असतात. प्रशांतच्या विजयानंतर दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने विनोद केला: गुरखेच गायला गेले तर पहारा कोण करणार, अशा अर्थाचा. त्याच्या निषेधार्थ २८ सप्टेंबरला सिलिगुडीत मोर्चा निघाला, त्यातून दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि लष्कराला बोलवावे लागले. प्रशांतसाठी मते जमवण्यात बिमल गुरुंग पुढे होते. त्यांनी ७ ऑक्टोबरला गोरखा जनमुक्ती मोर्चा हा नवा पक्ष काढला. जुने नेते सुभाष घिसिंग मागे पडले आणि वेगळ्या राज्याची मागणी पुन्हा पेटली. अंतिम फेरीपासून नव्या पक्षापर्यंत अवघे दोन आठवडे! एवढा प्रताप कोणत्या मैफलीने कधी केला असेल असे मला वाटत नाही.

आणि या सगळ्या गदारोळात गाणे कुठे गेले? प्रशांतची ध्वनिमुद्रिका निघाली, २०१० साली ‘गोरखा पलटन’ या नेपाळी चित्रपटात तो नायक झाला. त्याच्या माणसांनी त्याला सोडले नाही. पण ज्या हिंदी चित्रपटगीताच्या गादीसाठी ही स्पर्धा होती, ती गादी त्याला मिळाली नाही आणि अमितलाही मिळाली नाही. वाहिनीला नवे पर्व हवे असते. २००९ साली त्रिपुराची सौरभी देबबर्मा जिंकली, मग आणखी कुणी. आपण मूर्ती घडवतो, पूजतो आणि विसर्जन करतो, पण निदान आरती तरी मनापासून म्हणतो. इथे मूर्ती कुणाची, याचेच भांडण इतके रंगते की आरती म्हणायची राहून जाते.

म्हणून प्रशांतच्या विजयाला मी अन्याय म्हणत नाही. लोकांनी दिलेला कौल खरा होता. फक्त तो ज्या प्रश्नाचा होता तो प्रश्न स्पर्धेने विचारलाच नव्हता. ‘कोण चांगले गातो?’ असे विचारले गेले आणि लोकांनी ‘आमचे कोण?’ याचे उत्तर दिले. दोन्ही प्रश्न सरळ आहेत. घोटाळा होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिल्यामुळे. एक मान परीक्षकांचा आणि एक लोकांचा, असे दोन वेगळे ठेवले असते तर अमितचा गळाही राहिला असता आणि दार्जिलिंगचा अभिमानही. पण दोन मान ठेवले की ‘शेवटी काय होणार?’ ही धाकधूक निम्मी होते. आणि वाहिन्या विकतात ती धाकधूक. तेव्हा त्या हे करतील अशी आशा मी धरत नाही.

आपण मात्र आपल्या घरात हे करू शकतो. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत गाणाऱ्याचे नाव-गाव परीक्षकांपासून झाकून ठेवण्याची पद्धत आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते. या दिवाळीत फराळाच्या ताटांसह सारे घर दूरचित्रवाणीसमोर बसेल तेव्हा एकदा करून पाहा. मुलांना म्हणावे, पडद्याकडे पाठ करा. गाणारा कोण, कुठला, त्याची आई किती रडली, हे काही पाहू नका. नुसते ऐका आणि कोणते गाणे आवडले ते कागदावर लिहा. मग तोंड फिरवा आणि मत ज्याला द्यायचे त्याला खुशाल द्या. आपल्या गावच्याला द्या, गरिबाला द्या, आजीला आवडला त्याला द्या. कागदावरचे नाव आणि मोबाइलवरचे नाव वेगळे निघाले तर लाजायचे कारण नाही. पण कागद आधी लिहिलेला असावा.