औशाला बघण्यासारखं काय आहे?

'औशाला बघण्यासारखं काय आहे?' असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : किल्ला. मग थोडा वेळ शांतता. मग 'खरोशाची लेणी आहेत की', आणि शेवटी 'बाकी काय, सगळं रानच आहे'. म्हणजे रान हे बघण्याच्या यादीत धरायचंच नाही. ज्या भाषेत १९६७ साली 'रानातल्या कविता' छापून आल्या, त्याही मराठवाड्यातल्याच कवीच्या, त्या भाषेत आपण हे इतक्या सहज म्हणतो.

याचं एक कारण आपल्या वाचनात आहे. पायी भटकण्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक सह्याद्रीचं आहे. गोनीदांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'सारख्या पुस्तकांनी पिढ्यान् पिढ्या माणसं घराबाहेर काढली, हे त्यांचं मोठंच काम. पण त्या पुस्तकांतून आपण चालण्याचं एकच माप उचललं : चढ असेल तर वाट, दम लागला तर भटकंती, धुकं असेल तर निसर्ग. आजच्या रील्सचं मापही तेच आहे, फक्त मागे ड्रोन आणि गाणं आलंय. बालाघाटच्या पठारावरचं औसा या मापात बसत नाही.

दुसरीकडे मराठवाड्याचं ग्रामीण साहित्य आहे. तिथे रान भरपूर आहे, पण ते कष्टाचं. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' आठवा : माल बाजारात जातो आणि भाव पडला की टोमॅटोचा चिखल होतो. या रानातून कुणी सहज फिरायला निघत नाही, आणि तसं दाखवलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. पण परिणाम असा झाला की एका साहित्यात जमीन देखावा झाली आणि दुसऱ्यात राबण्याची जागा. गावाच्या कडेनं, सपाटीवरून, सकाळच्या उन्हात तासभर चालणं या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडून गेलं.

औशाचा किल्लाच बघा. तो डोंगरावर नाही, भुईकोट आहे. चारी बाजूंनी उंचवटा आणि मधे खोलगट जागेत किल्ला, भोवती रुंद खंदक आणि दुहेरी तटबंदी. उंचवट्यावरून येणारी फौज आतल्यांना लांबून दिसायची, पण किल्ल्याचा मोठा भाग मात्र तिच्या नजरेआड राहायचा. म्हणजे हा किल्ला खाली बसून सांभाळायचा आहे. तरीही आपण फोटो काढतो ते जमिनीला कॅमेरा टेकवून, बुरूज रायगडाच्या कड्यासारखा दिसावा म्हणून. खंदकाच्या बाहेरून, तटाकडे बघत सावकाश चाललं तर जमिनीचा उतार पायांना कळतो आणि ही जागा का निवडली तेही कळतं. खरोशाचंही तसंच. तिथली लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत, अजिंठ्याच्या काळ्या कातळात नाही. खडबडीत, झिजत जाणारा दगड. गाडी पायथ्याशी लावून दहा मिनिटांत उरकणाऱ्याला ती 'अजिंठ्याइतकी भारी नाही' वाटणारच.

पण औशाच्या खऱ्या वाटा या दोन्ही ठिकाणी नाहीत, त्या शिवारात आहेत. पाणंद, गाडीवाट, शिवरस्ता, पाऊलवाट : एवढे शब्द आपल्याकडे आहेत. या वाटा कुणाच्या मेहेरबानीवर नाहीत, त्या गावनकाशावर आहेत. एका तुटक रेषेनं दाखवलेली पाऊलवाट सव्वाआठ फुटांची, दुहेरी तुटक रेषेची गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फुटांची. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. तरी वाटा बुजतात. एका वर्षी एक तास आत नांगर फिरतो, पुढच्या वर्षी दुसरा, मग काटेरी फांद्या पडतात. वाटेवरून कुणी जात नसेल तर ती गेल्याचं कळतही नाही.

औसा तालुक्यात गेल्या काही वर्षांत शेतरस्ते मोकळे करण्याचं मोठं काम झालं आणि त्याची चर्चा तालुक्याबाहेरही झाली. ज्यानं पावसात चिखलातून सोयाबीनची पोती बाहेर काढली आहेत, त्याला या रस्त्याची किंमत सांगायला नको. माझी तक्रार वेगळी आहे. रस्ता ट्रॅक्टरच्या मापानं होतो, माणसाच्या मापानं होत नाही. जुन्या पाणंदीच्या दोन्ही कडांना बोर, बाभूळ, हिवर, तरवड, मधेच एखादा कडुनिंब असतो. तिथे सावली असते, पाखरं असतात, बोरं असतात. जेसीबी आला की मुरूम पडतो आणि कडा साफ होतात. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरचं नाव येतं. इथे जंगल नाही तर बांध आणि पाणंदीची कड हीच हिरवळ आहे, पण तिची नोंद कुठेच होत नाही. नोंद होते ती कुंपण, गेट, हिरवळीचा गालिचा आणि वेळेची पाटी असलेल्या बागेची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या जिल्ह्यात लॉन हे हिरवाईचं चित्र असावं, हे जरा जास्तच झालं.

सावली नकाशातून सुटली की काय होतं, ते याच तालुक्यात किल्लारीनं दाखवलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंतींखालीच ती दबली, म्हणून नवी गावं मोकळी, रुंद रस्त्यांची आणि सरळ रांगांची झाली. त्यामागची भीती खरी होती. पण अरुंद गल्लीची सावली गेली, घरं लांब लांब झाली, शेजारी लांब गेला, कित्येकांचं शेतही लांब गेलं. कागदावर जागा वाढली आणि दुपारी चालणं अवघड झालं.

चालणं सगळ्यांना सारखं मोकळंही कधी नव्हतं. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७) वाचलं की कळतं, जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या माणसानं नुसतं रस्त्यानं जाणंसुद्धा संशयाचं असतं. आज औशाची एखादी मुलगी संध्याकाळी एकटी शिवाराकडे निघाली तर 'कुठं चालली?' हा प्रश्न तिला पाच जण विचारतील. पायी तुळजापूरला जाताना किंवा पंढरपूरच्या दिंडीत तिला कुणी अडवत नाही. तिथे चालण्याला कारण आहे. विनाकारण चालायचा हक्क अजून मिळायचा आहे, आणि बायका वापरत नाहीत ती वाट अर्धीच वापरात असते.

म्हणून औशाला नवं पर्यटनस्थळ हवंय असं मला वाटत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा नकाशा काढा. त्यातली एक तुटक रेषा निवडा. हरभरा घाट्यावर आलेला असताना, थंडीतल्या सकाळी, दोघं-चौघं मिळून ती रेषा पायांखाली घ्या. टिटवी ओरडेल, चंडोल उडेल, कुणीतरी बांधावरून 'कुणाचे रे तुम्ही?' विचारेल, त्याला नाव सांगा. वाट जिथे नांगरलेली असेल, तिथे थांबून फोटो काढा. हा फोटो रीलसाठी कामाचा नसला तरी तहसीलमध्ये कामाला येईल.