प्रेरणा : हेतू आणि प्रयोजन
(जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रकलेच्या संदर्भात)

प्रस्तावना :

मराठीत कलानिर्मितीविषयी चर्चा सुरू झाली की 'प्रेरणा' हा शब्द अपरिहार्यपणे पुढे येतो. लेखकाच्या मुलाखतीतील पहिला प्रश्न प्रेरणेविषयी असतो, चित्रकाराच्या गौरवलेखात प्रेरणास्थानांची यादी असते आणि विद्यापीठीय प्रश्नपत्रिकेत 'अमुक साहित्यप्रवाहामागील प्रेरणा स्पष्ट करा' हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. शब्द इतका परिचित आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या एका शब्दात आपण दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या आहेत : कला ज्यामुळे निर्माण होऊ शकते ती गोष्ट, आणि कला ज्यासाठी निर्माण केली जाते ती गोष्ट. त्या वेगळ्या केल्याशिवाय एखाद्या कलापरंपरेत सातत्य का राहते आणि तिचा ऱ्हास का होतो, हे समजणार नाही. हे प्रतिपादन तपासण्यासाठी वारली चित्रकला आणि विशेषतः जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांची चित्रनिर्मिती येथे विचारात घेतली आहे.

'प्रेरणा' या संकल्पनेतील संदिग्धता :

प्रेरणा ही कलावंताला बाहेरून भारून टाकणारी शक्ती आहे, ही कल्पना पाश्चात्त्य परंपरेत फार जुनी आहे. प्लेटोच्या 'आयॉन' या संवादात लोहचुंबकाचा दृष्टान्त येतो. चुंबकाला चिकटलेली लोखंडी कडी जशी पुढच्या कडीला ओढून घेते, तसे दैवी सामर्थ्य कवीत, कवीकडून गायकात आणि गायकाकडून श्रोत्यांत संक्रमित होते. स्वच्छंदतावादी कवींनी पुढे या शक्तीचे स्थान देवतेकडून कवीच्या अंतःकरणात आणले. केशवसुतांपासून सुरू झालेल्या आधुनिक मराठी कवितेबरोबर ही दुसरी कल्पना आपल्याकडे रुजली. आज 'सध्या प्रेरणाच मिळत नाही' असे एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा नकळत तो याच परंपरेची भाषा बोलत असतो. आपल्या आत काहीतरी घडेल आणि मग हात चालू लागेल, अशी ती प्रतीक्षा असते.

संस्कृत काव्यशास्त्राची मांडणी याहून वेगळी आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच काव्यहेतू आणि काव्यप्रयोजने यांचा स्वतंत्र विचार केला आहे. शक्ती म्हणजे प्रतिभा. लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता. आणि जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास, ही तीन अंगे त्याने सांगितली आहेत. ही तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू होतो, तीन वेगळे हेतू नव्हेत, हेही त्याने आवर्जून स्पष्ट केले आहे. दुसरीकडे यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण म्हणजे शिवेतरक्षती, तत्काळ मिळणारा परमानंद आणि प्रियेच्या बोलण्यासारखा मधुर उपदेश ही सहा प्रयोजने येतात. यशासाठी कालिदास, धनासाठी हर्षाकडून द्रव्य मिळवणारा धावक आणि अनर्थनिवारणासाठी सूर्याची स्तुती करणारा मयूर अशी उदाहरणे तो निःसंकोचपणे देतो. धनासाठी लिहिले म्हणून काव्य हिणकस ठरते, असे त्याला वाटत नाही.

येथे एक भाषिक बाब लक्षात घ्यावी लागते. काव्यशास्त्रात 'हेतू' म्हणजे कारण. आजच्या मराठीत मात्र 'हेतू' म्हणजे उद्देश. कारण आणि उद्देश यांतील सीमारेषा आपल्या बोलण्यातून पुसली गेली आणि 'प्रेरणा' हा शब्द दोहोंची जागा घेऊन बसला. या लेखात 'हेतू' हा शब्द शास्त्रातील मूळ अर्थानेच वापरला आहे.

चौक : प्रसंगाधिष्ठित निर्मिती :

वारली चित्राचे पारंपरिक रूप म्हणजे लग्नाचा चौक. कारवीच्या काड्यांच्या कुडाला शेणमातीने लिंपायचे, त्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेषा ओढायच्या. हे काम सवाशिणींचे. चौकटीच्या मध्यभागी पालघट देवी असते; लग्नविधीतील गाणी धवलेरी म्हणते. चौकाशिवाय लग्न पूर्ण होत नाही, अशी परंपरेची धारणा आहे.

हा चौक काढणाऱ्या स्त्रीला 'तुमची प्रेरणा कोणती?' असे विचारले तर तो प्रश्न तिला निरर्थक वाटेल. घरात लग्न आहे म्हणून चौक काढायचा आहे. तिच्या मनःस्थितीची कोणी वाट पाहत नाही. मम्मटाच्या परिभाषेत सांगायचे तर येथे प्रयोजन शिवेतरक्षतीचे आहे आणि ते समूहाने आधीच ठरवून दिलेले आहे. हेतूही व्यक्तीपुरता मर्यादित नाही. थोरल्या बायकांच्या शेजारी बसून रेषा शिकण्यात अभ्यास आहे. शेत, रान, जनावरे आणि माणसे यांच्या रोजच्या सहवासात अवलोकन आहे. हेतू आणि प्रयोजन दोन्ही एकाच जीवनपद्धतीतून येत असल्यामुळे ते वेगळे करून पाहण्याची गरजच तेथे पडत नाही. ती गरज निर्माण झाली ती प्रयोजन बदलल्यावर.

भिंतीकडून कागदाकडे :

हा बदल सत्तरच्या दशकाच्या आरंभी झाला. पुपुल जयकर यांच्या पुढाकारातून चित्रकार भास्कर कुलकर्णी तत्कालीन ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू परिसरात गेले आणि त्यांनी वारली चित्रकारांच्या हाती कागद दिला. कुलकर्णी यांना या कामाचा पूर्वानुभव होता. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळाच्या काळात मिथिलेतील स्त्रियांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढावीत, त्यांची विक्री व्हावी आणि घरात चार पैसे यावेत, या प्रयत्नात त्यांचा सहभाग होता. मिथिलेची कागदावरील चित्रकला जगभर पोचली, तिचा एक उगम असा दुष्काळात आहे. प्रेरणेच्या स्वच्छंदतावादी कल्पनेत ही घटना बसत नाही. मम्मटाच्या प्रयोजनविचारात मात्र तिला सहज जागा मिळते.

डहाणू तालुक्यातील गंजाड येथे राहणारे जिव्या सोमा म्हसे याच काळात पुढे आले. स्त्रियांच्या विधीतील रेषा एका पुरुषाच्या हाती आली आणि तीही विधीचा प्रसंग नसताना. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. यश आणि अर्थ ही प्रयोजने शिवेतरक्षतीच्या जागी आली, हे उघड आहे.

म्हसे यांच्याविषयीच्या लेखनात एक चरित्रात्मक स्पष्टीकरण वारंवार आढळते. लहानपणी आईचे छत्र हरपले, त्या धक्क्याने त्यांचे बोलणे थांबले आणि ते धुळीत रेघोट्या ओढून मनातले सांगू लागले. ही हकिकत हृदयस्पर्शी आहे. परंतु तिला त्यांच्या कलेची 'प्रेरणा' ठरवले की समीक्षा तेथेच संपते. दुःख अनेकांच्या वाट्याला येते. त्यामुळे मुलाने बोलण्याऐवजी रेघ का निवडली, याचे उत्तर दुःखात नाही. रेघ त्याच्या भोवतालच्या भिंतींवर आधीपासूनच होती. दुःखाने गरज निर्माण केली. साधन परंपरेने पुरवले.

चित्रांची चिकित्सा :

प्रयोजन बदलल्यावर चित्रात काय बदलले, हे प्रत्यक्ष चित्रांतच पाहावे लागेल. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन ही मूळ रूपे, टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांची माणसाची आकृती, गडद पार्श्वभूमीवरील पांढरी रेषा हे सारे म्हसे यांनी तसेच ठेवले. शेणाचा हात दिलेल्या पृष्ठभागावर ते काम करीत राहिले. भिंत गेली तरी भिंतीची स्मृती राहिली.

रचना मात्र मूलतः बदलली. चौकात मध्य निश्चित असतो आणि चौकट बंद असते, कारण देवतेला तेथे स्थापन करायचे असते. म्हसे यांच्या अनेक चित्रांत हा मध्य विरघळतो. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. बारीक रेषांच्या अगणित घरांचे जाळे जवळजवळ सारा पृष्ठभाग व्यापते, मासे आणि माणसे त्याच्या कडेने किंवा आतून दिसतात आणि पाहणाऱ्याची नजर एका जागी ठरत नाही. येथे विषय जाळ्याचा आहे की रेषेच्या अखंड चालण्याचा, असा प्रश्न पडतो. तारपा नृत्याच्या चित्रांतही नर्तकांची साखळी सर्पिलाकार उलगडत जाते आणि प्रत्येक आकृती पुढच्या आकृतीला गती देते. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या चर्चेत लयीचे जे संवाद, विरोध आणि समतोल हे नियम सांगितले, त्यांचा प्रत्यय या रचनांतून येतो.

हा बदल केवळ विक्रीच्या अपेक्षेने घडू शकत नाही. जाळे कसे विणले जाते, पाण्यात ते कसे पसरते, भातझोडणीच्या वेळी शरीर कसे वाकते, हे ज्याने कामाच्या ओघात पाहिले आहे, त्याच्याच हातून अशी रेषा उतरते. म्हणजे प्रयोजन बदलले तरी हेतू, विशेषतः अवलोकन आणि अभ्यास, अबाधित राहिला. विधीच्या बंधनातून मोकळी झालेली रेषा या हेतूच्या बळावरच नव्या रचनेकडे गेली. बाजार आला की कला मरते, हे आपल्याकडील लोकप्रिय विधान म्हसे यांच्या बाबतीत टिकत नाही.

प्रयोजन आहे, हेतू नाही :

याच्या उलट चित्र आपल्या अगदी जवळ आहे. चहाचे कप, साड्यांचे काठ, उपाहारगृहांच्या भिंती, शासकीय कार्यालयांचे जिने आणि महाविद्यालयांची प्रवेशद्वारे यांवर आज वारली आकृत्या दिसतात. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. रेषेला लाभले असे म्हणता येत नाही. या सजावटीत तारपा असतो, पण वाजवणारा आणि नाचणारे यांचे नाते नसते. आकृत्या समान अंतरावर ठेवलेल्या असतात आणि गती नाहीशी झालेली असते. प्रयोजन येथे भरपूर आहे, हेतू मात्र नाही. दोष पैशाचा नाही. पाहणे आणि सराव या दोन्ही गोष्टी वगळून थेट फळाकडे जाण्याचा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. म्हसे असामान्य प्रतिभेचे धनी होते. त्यांच्यावरून सर्वसामान्य नियम कसा काढावा? प्रतिभेचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु प्रतिभा शिकवता येत नाही आणि मागताही येत नाही. अवलोकन आणि अभ्यास यांची व्यवस्था मात्र करता येते. मम्मटाच्याही आधी दंडीने म्हटले आहे की, पूर्वसंस्कारातून आलेली प्रतिभा नसली तरी श्रवण आणि प्रयत्न यांनी उपासना केल्यास वाग्देवता काही ना काही अनुग्रह करतेच. म्हसे यांचे सदाशिव आणि बाळू हे पुत्रही चित्रकार झाले, तेही अशाच सहवासातून.

ज्या वारली तरुणाचे शेताशी आणि रानाशी असलेले नाते तुटत चालले आहे, त्याच्यापुढील अडचण या विवेचनातून अधिक स्पष्ट होते. मागणी वाढल्याने त्याचे प्रयोजन बळकट झाले आहे, परंतु अवलोकनाचा झरा आटत आहे. त्याला 'प्रेरणा' द्यावी म्हणून स्पर्धा आणि पुरस्कार योजले जातात. हे सारे प्रयोजनाच्या बाजूचे उपाय आहेत. उणीव मात्र हेतूच्या बाजूला आहे.

निष्कर्ष :

१. 'प्रेरणा' या मराठी संज्ञेत निर्मितीचे कारण आणि निर्मितीचा उद्देश यांची सरमिसळ झाली आहे. समीक्षेत हेतू आणि प्रयोजन हा भेद पुन्हा वापरात आणणे उपयुक्त ठरेल.

२. वारली चौकात निर्मिती मनःस्थितीवर नव्हे, तर प्रसंगावर अवलंबून असते. प्रसंग निर्मितीला भाग पाडतो आणि परंपरा तिला समर्थ करते.

३. म्हसे यांच्या चित्रांत प्रयोजन बदलूनही कलेचा कस टिकला, कारण अवलोकन आणि अभ्यास टिकले. व्यावसायिक सजावटीत हेच दोन घटक नाहीसे झाले आहेत.

४. कलापरंपरेच्या जतनासाठी केवळ बाजारपेठ आणि गौरव पुरेसे नाहीत. ज्या जीवनातून रेषा येते, ते जीवन पाहण्याची आणि थोरांच्या शेजारी बसून शिकण्याची संधी टिकवणे तितकेच आवश्यक आहे.

अध्यापक म्हणून याचा एक अर्थ आपल्यापुरताही आहे. युवक महोत्सवाच्या आठ दिवस आधी विद्यार्थ्याच्या हाती रंग देऊन त्याच्याकडून प्रेरणेची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याला प्रेरणेची वाट पाहायला सांगण्यापेक्षा पाहण्यासाठी एक विषय, सरावासाठी एक ठरलेली वेळ आणि काम पूर्ण करण्यासाठी एक खरा प्रसंग द्यावा. चौक काढणाऱ्या सवाशिणीला एवढेच मिळत आले आहे आणि तेवढ्यावर एक चित्रपरंपरा उभी राहिली आहे.